दिवा कुठे ठेवायचा?

१८५३ साली चार्ल्स थर्स्टन थॉम्पसन या छायाचित्रकाराने नक्षीदार चौकटीच्या एका व्हेनेशियन आरशाचे छायाचित्र घेतले. चौकट उत्तम उतरली. पण आरशात त्यांचा कॅमेरा आणि ते स्वतःही उतरले. पोथ्या, चित्रे आणि जुन्या वस्तूंची छायाचित्रे घेण्याच्या आपल्या कामातली मूळ अडचण त्या एका छायाचित्रात दिसते. चांदीचे भांडे किंवा रोगण दिलेले चित्र चमकणार हे सर्वांनाच ठाऊक असते; पण शाईची जाड रेघ, चामड्याची बांधणी, ताडपत्र आणि गुळगुळीत कागदसुद्धा विशिष्ट कोनातून चमकतात आणि त्या चकाकीखालचा मजकूर नाहीसा होतो. म्हणून आज मी कॅमेऱ्याविषयी थोडे आणि दिव्यांविषयी अधिक बोलणार आहे.

सपाट वस्तूंची मांडणी सर्वांच्या परिचयाची आहे : वस्तू पाटावर, कॅमेरा स्टँडला वरून खाली रोखलेला आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, ४५ अंशांच्या कोनात दोन दिवे. कॅमेरा पाटाला समांतर आहे की नाही हे पाहण्यासाठी पाणसळ (बुडबुड्याची लेव्हल) वापरतात, पण माझा भरवसा लहानशा सपाट आरशावर आहे. तो पाटावर ठेवून कॅमेऱ्यातून पाहावे. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या नेमक्या मध्यावर आले की समांतरपणा साधला. थॉम्पसन यांना आरशाने जे नको असताना दाखवले, तेच इथे आपण मुद्दाम पाहतो. त्यानंतर एक कोरा पांढरा कागद टिपून त्याचे चारही कोपरे आणि मध्य सारखे उजळले आहेत का, हे संगणकावरच्या आकड्यांवरून तपासावे, कारण आपले डोळे हा फरक सहज पचवून टाकतात.

प्रकाशाने वस्तूंची हानी होते, ही संवर्धकांची काळजी रास्तच आहे. ती हानी साचत जाते आणि भरून येत नाही. मात्र हिशेब करून पाहावा. नाजूक कागद प्रदर्शनात साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाशात ठेवतात; तिथला एक तास आणि स्टुडिओत १,००० लक्सखालची तीन मिनिटे यांची मात्रा सारखीच भरते. म्हणजे छायाचित्र घेण्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते दिवे चालू ठेवून आपण पुढच्या वस्तूची चर्चा करत उभे राहतो तेव्हा. फोकस आणि मांडणी आधी तेवढ्याच आकाराच्या साध्या कागदावर जुळवून घ्यावी आणि मूळ पान शेवटी आणावे.

चकाकी घालवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दिव्यांपुढे एकाच दिशेचे पोलरायझर पडदे, म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाश तेवढा पुढे सोडणाऱ्या गाळण्या, लावणे आणि लेन्सवरचा पोलरायझर त्यांच्याशी काटकोनात फिरवणे. पृष्ठभागावरून थेट उसळलेला प्रकाश आपली कंपनाची दिशा सोडत नाही, म्हणून तो लेन्सपाशी अडतो. कागदाच्या तंतूंत शिरून विखुरलेला प्रकाश ती दिशा हरवून बसतो आणि त्याचा बराचसा भाग आत येतो. हा उपाय इतका परिणामकारक आहे, की नव्या माणसाला तो सगळीकडे वापरावासा वाटतो. मीही तसे केले आहे. सोन्याच्या वर्खाची एक सचित्र पोथी मी याच रीतीने टिपली. अक्षरे सुरेख आली, पण वर्ख मातकट, जवळजवळ काळा दिसू लागला. सोन्याचे सोनेपण त्याच्या चकाकीतच असते आणि तीच मी काढून टाकली होती. तेव्हापासून अशा पानाची मी दोन छायाचित्रे घेतो आणि कोणते कशासाठी, ते दोन्हींवर नोंदवतो.

याच्या उलट टोकाला तिरपा प्रकाश असतो. एकच दिवा पानाच्या पातळीपर्यंत जवळजवळ खाली आणला, की शाईविना दाबून आखलेल्या रेघा, खरवडलेली अक्षरे, ताडपत्रावरचे कोरीव काम उठून दिसते. नाणी आणि मुद्रांसाठी हा प्रकाश वरच्या डावीकडून देण्याचा प्रघात आहे. प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो, त्यामुळे तो खालून दिला तर उठाव खोलगट भासतो. एका दिशेचा हा मोह टाळण्याची युक्ती संशोधक टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली : कॅमेरा आणि वस्तू जागेवर ठेवून दिवा अनेक दिशांनी फिरवायचा आणि त्या सर्व छायाचित्रांतून असे एक चित्र घडवायचे, की पाहणाऱ्याला पडद्यावर प्रकाशाची दिशा हवी तशी बदलता येईल. चौकटीत एक चकचकीत काळा गोळा ठेवला, तर त्यावरच्या ठिपक्यावरून दिव्याची दिशा नंतर मोजता येते.

रंगांविषयी एवढेच सांगतो, की १९७६ पासून वापरात असलेली २४ चौकोनांची रंगपट्टी वस्तूच्याच पातळीत आणि त्याच प्रकाशात ठेवावी. ती कोपऱ्यात, सावलीत सारली तर तिचा उपयोग उरत नाही.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकांनी कळवले, की जुन्या छायाचित्रात दिसणारे मालकाचे खोडलेले नाव आमच्या नव्या छायाचित्रात नाही. पान बदलले तर नाही ना? पान तेच होते. जुन्या छायाचित्रासोबत मोजपट्टी होती, तारीख होती, पण दिव्याविषयी एक शब्द नव्हता. मी दुपारभर दिवा एकेक बोट सरकवत राहिलो आणि संध्याकाळच्या सुमारास, दिवा डावीकडे पाटापासून चार बोटांवर असताना, त्या नावाची पहिली दोन अक्षरे उमटली. ते अंतर मी मोजून नोंदवहीत लिहिले आणि मगच कॅमेऱ्याचे बटण दाबले.