करडईला जवसाची जोड

(दृश्य: काढणीला आलेले करडईचे शेत, सकाळ)

फेब्रुवारी सरत आला की मराठवाड्यातील आणि सोलापूर भागातील काळ्या रानांत करडई वाळू लागते. पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर, पुष्कळदा एकही पाणी न देता आलेले हे पीक. पिवळी फुले केशरी होऊन सुकतात, काटे टणक होतात, आणि म्हणून काढणी सकाळच्या दवात, हाताला फडकी गुंडाळून उरकावी लागते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण तयार केले आहे. या शेतातील करडई मात्र काटेरीच आहे.

(दृश्य: लाकडी घाणा)

बैलाची जागा आता मोटरने घेतली असली, तरी घाण्याचे काम जुन्याच संथ गतीने चालते. उखळात पांढरीशुभ्र करडई ओतली जाते, लाट, म्हणजे उखळातला जाड लाकडी दांडा, फिरू लागते, टरफले करकरतात आणि घाणेवाला मधूनमधून पाण्याचा हबका मारत राहतो, कारण थोड्या ओलीशिवाय पेंड बांधली जात नाही. लगदा उखळाच्या कडेला चिकटत जातो, तो उलथन्याने पुन्हा मध्ये ढकलावा लागतो, आणि बऱ्याच वेळाने खालच्या तोटीतून पिवळसर, किंचित गढूळ धार सुरू होते. हे तेल निवळायला ठेवले जाते. पेंड जनावरांच्या वाट्याला जाते. घाण्याच्या तेलाला बियाण्याचा मूळ वास आणि चव असते, आणि ही कला टिकली पाहिजे यात शंका नाही. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे: तेल घाण्याचे असो की रिफाइंड, करडईतील मेदाम्लांचे, म्हणजे तेल ज्या घटकांपासून बनते त्यांचे, आपसातील प्रमाण त्यामुळे बदलत नाही.

नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश वाटा लिनोलेइक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-६ गटातील मेदाम्लाचा असतो. हे आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही. १९२९ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांच्या आहारातून स्निग्ध पदार्थ पूर्णपणे वगळले, तेव्हा उंदरांची वाढ खुंटली आणि कातडीला खवले पडले. लिनोलेइक आम्ल अन्नात येताच ते सुधारले. तेव्हा करडई वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. तूप-लोण्यात अधिक असणाऱ्या संपृक्त मेदाच्या जागी हे तेल आले तर रक्तातील घातक कोलेस्टेरॉल कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. उणीव आहे ती दुसऱ्या आवश्यक आम्लाची. ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक आम्लसुद्धा अन्नातूनच मिळवावे लागते, आणि करडईत ते जवळजवळ नसते. त्यातही ही दोन्ही आम्ले शरीरात एकाच विकरासाठी (रूपांतर घडवणाऱ्या प्रथिनासाठी, म्हणजे एन्झाइमसाठी) स्पर्धा करतात, त्यामुळे एकाचा पूर आला की दुसऱ्याचे पुढील रूपांतर मागे पडते. म्हणून हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था ओमेगा-६ हे ओमेगा-३ च्या पाच ते दहा पटींच्या आत ठेवावे आणि स्वयंपाकासाठी एकाच तेलावर अवलंबून राहू नये, असे सांगते.

(दृश्य: चुलीवरचा तवा, जवस, उखळ)

ही उणीव भरून काढणारे बी विदर्भाच्या आणि मराठवाड्याच्या स्वयंपाकघरांत पूर्वीपासून आहे. तव्यावर जवस टाकले की ते तडतडतात. दाणे फुगून हलके होताच तवा खाली उतरवला जातो. मग सुकी लाल मिरची, लसूण, जिरे आणि मीठ घालून ते उखळात कुटले जातात. कुटणे येथे महत्त्वाचे आहे, कारण अख्खे जवस पुष्कळदा न पचताच शरीराबाहेर पडतात. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, आणि १० ग्रॅम कुटलेल्या जवसातून ते दोन ग्रॅमांहून अधिक मिळते. याच आम्लामुळे जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून ते तळणीला वापरू नये. भाकरीवर चटणीत कच्चे घालावे. कारळ्याची चटणी रुचकर खरी, परंतु कारळे लिनोलेइक आम्लाचेच बी आहे. ते जवसाची जागा घेऊ शकत नाही.

किनाऱ्यावर तारली आणि बांगडा खाणाऱ्यांना ओमेगा-३ ची शरीराला पुढे लागणारी तयार रूपे थेट मिळतात. जवसातील आम्लाचे त्या रूपांत होणारे रूपांतर थोडेच असते.

(दृश्य: आठवडी बाजार, तेलाचे डबे)

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते, आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा आहे, ज्यात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो. संपृक्त मेद आणि त्याहूनही अधिक ट्रान्स मेद (पातळ तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवताना तयार होणारा) हृदयविकाराचा धोका वाढवतात. तेले व वनस्पती तुपातील ट्रान्स मेदावर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे.

(दृश्य: धानाची बांधी, पूर्व विदर्भ)

गोंदिया-भंडारा भागात उभ्या धानातच, कापणीपूर्वी, ओल्या बांधीत जवस फेकून पेरण्याची उतेरा पद्धत आहे. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. धान कापून नेल्यावर उरलेल्या ओलीवर जवस वाढते. करडईच्या पट्ट्यातील बाजारांत आणि घाण्यांवर या जवसाला नियमित मागणी मिळाली, तर शेंगदाणा व करडईच्या तेलाबरोबर घरोघरी कुटलेल्या जवसाची बरणी ठेवणे अवघड नाही. शिधावाटपात आणि शालेय पोषण आहारातही जवसाच्या चटणीला जागा देता येईल, आणि ती मागणी ग्रामसभेपासून सुरू करता येईल.