गाडीचा खडखडाट आणि कानातलं गाणं

राम राम मंडई. अमळनेर, धरणगावहून रोज सकाळी जळगावला अप-डाऊन करणाऱ्या पोरापोरींशी आज बोलायचं आहे. घरच्यांनीही ऐकावं.

डब्यात पाय ठेवला की इअरफोन कानात जातात. खिडक्या उघड्या, चाकांचा खडखडाट, दारात गर्दी. गाणं नीट ऐकू येत नाही, म्हणून आवाज वाढवायचा, पुन्हा वाढवायचा. खरा धोका इथंच आहे. गाडीचा गोंगाट झाकायला गाण्याला त्याच्याही वर जावं लागतं, आणि तरी ते आपल्याला मोठं वाटत नाही. तोच आवाज रात्री घरी, सगळं सामसूम असताना लावून बघा. दचकाल.

आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा येत नाही. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात: पाखरांची किलबिल, बोलण्यातले स, श, फ. समोरचा बोलतोय हे कळतं, काय म्हणाला ते कळत नाही.

आवाज किती मोठा हे डेसिबलमध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेचं ऐकण्याचं माप असं: ८० डेसिबलला आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० ला ४ तास, १०० ला जेमतेम २० मिनिटं, तीही अख्ख्या आठवड्याची! पूर्ण आवाजात अनेक फोन शंभरापर्यंत जातात. म्हणजे अमळनेर-जळगावच्या एकाच फेरीत आठवड्याचा कोटा संपतो.

म्हणून आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवा. बाहेरचा गोंगाट अडवणारे, कानात नीट बसणारे इअरफोन घेतले तर कमी आवाजातही भागतं. पण रस्त्यावर आणि रूळ ओलांडताना ते काढायचेच. कापसाच्या जिनिंगमध्ये दिवसभर यंत्रांजवळ काम करणाऱ्यांनी, लग्नात डीजेपुढे नाचून आलेल्यांनी त्या रात्री कानाला पूर्ण विसावा द्यावा. हा सगळा आवाज एकाच हिशेबात जमा होतो.

कानात गुंई आवाज राहू लागला तर तपासणी करून घ्या. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर तेल घालून वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पहिल्या काही दिवसांतच उपचारांचा गुण येण्याची आशा जास्त असते. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत.