वाळवंटातल्या डोंगरावरचा मुक्काम

मित्रहो, ॲरिझोना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निवडुंग आणि तापलेली जमीन उभी राहते, आणि ते चित्र खोटेही नाही. परंतु ज्या कोरोनाडो राष्ट्रीय वनाविषयी मी आज बोलणार आहे, ते त्या वाळवंटातून एकेकटे वर आलेल्या डोंगरांवर विखुरलेले आहे. पायथ्याला माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीचे सग्वारो निवडुंग, मधल्या उतारावर ओक आणि माथ्यावर पाइनचे दाट रान, असे हे डोंगर आहेत. एका माथ्यावरची खार मधले माळ ओलांडून दुसऱ्या माथ्यावर जाऊ शकत नाही, म्हणून अभ्यासक त्यांना 'आकाशातली बेटे' म्हणतात. सुमारे १७ लाख ८० हजार एकरांचे हे वन अमेरिकेची वनसेवा टूसॉन शहरातल्या कचेरीतून सांभाळते. नोकरीनिमित्त त्या शहरात काही वर्षे राहिलो, तेव्हा बहुतेक सुट्ट्या मी या डोंगरांवर तंबूत किंवा वनसेवेच्या जुन्या घरांत काढल्या.

तिथे मुक्काम कोठे करायचा हे आपल्या आवडीवर फारसे अवलंबून नसते. ते उंची ठरवते. टूसॉन साधारण २,४०० फुटांवर आहे आणि शहराला लागून असलेला माउंट लेमन ९,१५० फुटांच्या वर जातो, म्हणजे आपली कळसूबाई तिथल्या अर्ध्या रस्त्यात संपेल. पायथ्यापासून माथ्याजवळच्या वस्तीपर्यंत सुमारे ४० किलोमीटरचा घाट आहे आणि तो चढताना हवा पंधराएक अंशांनी उतरते. म्हणून साडेचार हजार फुटांच्या आसपासचे मोलिनो बेसिनसारखे तंबूंचे तळ हिवाळ्यात उघडतात, तर सात हजार फुटांवरचे रोझ कॅन्यन आणि आठ हजारांवरचे स्पेन्सर कॅन्यन उन्हाळ्यात. जूनमध्ये खाली पारा चाळीस अंशांपलीकडे गेलेला असताना शहरातली माणसे वर पळतात, आणि थंडीत वरचे तळ बर्फाने बंद झाले की तीच माणसे खालच्या ओकच्या सावलीत तंबू ठोकतात. आपल्याकडे धनगर ऋतूप्रमाणे वाडा हलवतात. इथे शहरी पाहुणे तेच करतात, एवढेच की त्यांची मेंढरे मोटारीत बसलेली असतात.

तळ म्हणजे काय, हेही सांगायला हवे, कारण आपल्याकडे 'कॅम्प' या शब्दात हल्ली जेवण, गादी आणि शेकोटीभोवतीची गाणी सगळेच आले. तिथे आपल्याला एक क्रमांक असलेली सपाट जागा, लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि काही अंतरावर शौचकूप एवढेच मिळते. अनेक तळांवर पिण्याचे पाणीसुद्धा नसते; ते घरून भरून न्यावे लागते. मोठ्या तळांवर एखादे निवृत्त जोडपे हंगामभर यजमान म्हणून राहते. रोझ कॅन्यनच्या पहिल्या मुक्कामात संध्याकाळी असेच एक आजोबा आमच्या टेबलाशी आले. चिवड्याचा डबा आणि लाडू आम्ही नियमाप्रमाणे लोखंडी पेटीत बंद केले होते, कारण त्या रानात काळी अस्वले आहेत. आजोबांनी तंबूच्या दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बोट दाखवले आणि विचारले, "टूथपेस्ट कोठे आहे?" अस्वलाला पुदिन्याचा वास आणि लाडवाचा वास यांत फरक वाटत नाही, हे मला तेव्हा कळले. साबण, टूथपेस्ट, ओठांना लावायचे मलम, सगळे पेटीत गेले.

स्वयंपाकाचीही तिथे परीक्षा होते. आठ हजार फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळू लागते, त्यामुळे तुरीची डाळ तास-दीड तास शिजवली तरी दात दाखवते. दुसऱ्या खेपेला आम्ही कुकर नेला. पाइनच्या शांत रानात पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या दोन तंबूंतली माणसे बाहेर आली होती, आणि तिसऱ्या शिट्टीनंतर त्यांतले एक गृहस्थ वाटी घेऊन आले.

शेकोटीच्या बाबतीत मात्र गंमत चालत नाही. मे आणि जून हे सर्वांत कोरडे महिने. त्या काळात लाकूड आणि कोळसा जाळण्यावर बहुधा बंदी येते आणि बटणाने चटकन बंद करता येणारी गॅसची शेगडी तेवढी चालते. जून २००३ मध्ये लागलेल्या 'ॲस्पेन' नावाच्या वणव्याने सुमारे ८५ हजार एकर रान आणि माथ्यावरच्या समरहेवन वस्तीतली तीनशेहून अधिक घरे-दुकाने जाळली. २०२० च्या जूनमध्ये विजेने पेटलेला 'बिगहॉर्न' वणवा तर सुमारे १ लाख २० हजार एकरांवर फिरला. हे कोरडे महिने सरले की जुलैत पाऊस येतो. तिथेही त्याला मॉन्सूनच म्हणतात, आणि तो मेक्सिकोकडून येतो. जळालेल्या उताराची माती पाणी धरत नाही, त्यामुळे वरच्या ढगफुटीचे पाणी राख आणि ओंडके घेऊन खाली उतरते. कोरड्या ओढ्याच्या पात्रातली मऊ वाळू तंबूसाठी कितीही मोहात पाडणारी असली तरी तिच्यावर झोपू नये, हा नियम तिथे लहान मुलांनाही पाठ असतो.

आता घरांविषयी. हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या वनात वनसेवा काही जुनी घरे पाहुण्यांना भाड्याने देते, पण त्यांतली बरीच पाहुण्यांसाठी बांधलेली नाहीत. कोणी वनरक्षकासाठी बांधले, कोणी गुराख्यासाठी, कोणी सोने शोधणाऱ्यांसाठी. सांता रिटा डोंगराच्या पायथ्याशी असलेले केंटकी कॅम्प हे त्यांपैकी एक. तिथल्या ग्रेटरव्हिल भागात १८७४ मध्ये वाळूत सोन्याचे कण सापडले, परंतु वाळू धुवायला पाणी नव्हते. ते गाढवांच्या पाठीवरून आणावे लागे. सोने होते आणि पाणी नव्हते, म्हणून बारा-एक वर्षांत वस्ती ओसरली. विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स स्टेटसन या अभियंत्याने डोंगरातल्या ओढ्यांचे हंगामी पाणी अडवून नळांनी खाली आणायची योजना आखली आणि तिच्या कचेरीसाठी उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. पण १९०५ मध्ये, भागधारकांच्या सभेच्या तोंडावर, स्टेटसन टूसॉनमधल्या हॉटेलच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून पडून वारला. योजना बारगळली, कचेरीचे गुरांचे ठाणे झाले, आणि १९८९ मध्ये जागा वनसेवेकडे आल्यावर हौशी स्वयंसेवकांनी विरघळू लागलेल्या भिंती पुन्हा लिंपून काढल्या. आज पाण्याच्या त्या फसलेल्या योजनेच्या आवारात पाहुणे रात्र काढतात.

आपल्याकडच्या वनविश्रामगृहाची सवय असलेल्या माणसाला या घरात पहिल्यांदा चुकल्यासारखे होते. तिथे खानसामा नाही, चौकीदार नाही, चहा विचारणारे कोणी नाही. अंथरूण-पांघरूण, शिधा, टॉवेल आपला. निघताना भांडी घासून, केर काढून, कचरा गाडीत घालून जायचे. माझ्या आईला हे फार पटले, दोन दिवसांत तिने ती खोली स्वतःच्या घरासारखी झाडली आणि जाताना म्हणाली, "झाडू चांगला आहे हो यांचा."

आता शेवटचा तळ. माउंट लेमनचा घाट १९३३ ते १९५० या काळात बांधला गेला तो कैद्यांच्या श्रमांवर, आणि रस्त्याकाठी त्यांची छावणी होती. त्या कैद्यांपैकी एक गॉर्डन हिराबायाशी, हा सिॲटलचा विद्यार्थी. जपानशी युद्ध चालू असताना जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांवर १९४२ मध्ये लादलेली संचारबंदी आणि हद्दपारी त्याने जाणूनबुजून मोडली, आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो हरला. शिक्षा भोगायला टूसॉनला पाठवण्याचा खर्च सरकार करीना, म्हणून तो वाटेत मोटारींना हात दाखवत स्वतः तिथे गेला. अधिकाऱ्यांना त्याचे कागदच सापडेनात. परत जा, असेही सुचवून झाले. तो जाईना, तेव्हा कागद शोधेपर्यंत जेवून सिनेमा पाहून ये, असे त्याला सांगण्यात आले. तो सिनेमा पाहून आला आणि कैदी झाला. १९८७ मध्ये त्याची शिक्षा रद्द ठरली. १९९९ मध्ये छावणीच्या जागेवरच्या तळाला त्याचे नाव मिळाले.

छावणीच्या इमारती आता नाहीत. सिमेंटचे चौथरे आणि काही पायऱ्या तेवढ्या उरल्या आहेत. एका डिसेंबरात आम्ही तिथे उतरलो होतो. रात्री पाऊस झाला होता, आणि सकाळी शेजारच्या तंबूतल्या मुलीने कोठेच न जाणाऱ्या त्या पायऱ्यांवर आपले ओले मोजे एकेका पायरीला एकेक असे वाळत घातले होते.