पंडिता रमाबाईंचा विश्वास आणि धीर

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावाने आपणां सर्वांना नमस्कार.

आयुष्यात कधीकधी असा काळ येतो, की एका दुःखातून सावरण्याआधीच दुसरे दारात येऊन उभे राहते. घरात दीर्घ आजारपण असते, त्यातच नोकरी जाते, कर्जाचे हप्ते थकतात आणि ज्याच्या खांद्यावर डोके टेकावे तो माणूसही अचानक निघून जातो. अशा वेळी मंडळीतले कोणी जवळ येऊन ‘विश्वास ठेवा, सगळे ठीक होईल’ असे म्हणते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण ऐकणाऱ्याच्या मनाला ते शब्द शिवत नाहीत. आजच्या भाषणात मी पंडिता रमाबाईंच्या आयुष्याच्या आधाराने या काळाविषयी बोलणार आहे. त्यांच्या वाट्याला संकटे आधी आली, ख्रिस्तावरचा विश्वास पुष्कळ नंतर आला, आणि विश्वास आल्यावरही संकटे थांबली नाहीत. म्हणूनच त्यांचे ऐकावेसे वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमेला. तीर्थक्षेत्री पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरत असे. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, जवळचे सारे द्रव्य दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपून गेले, आणि काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण असे तिघेही गेले. आई गेली तेव्हा खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, आणि त्यांच्याबरोबर भाऊ श्रीनिवास व स्वतः रमा अशा चौघांनी मिळून तिरडी सुमारे तीन मैलांवरच्या स्मशानापर्यंत नेली. उंची कमी असल्यामुळे रमेने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला होता.

पुढे ही भावंडे हजारो मैल पायी चालली. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा त्यांनी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. ही हकिकत रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत आहे, आणि ती सांगताना त्यांनी स्वतःची कणव कुठेही केलेली नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याला विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मात्र १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह केला. मुलगी मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची असताना, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने पतीही गेले. रमाबाईंचे वय तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते.

इतके सोसल्यावर त्यांना देव आठवला आणि सर्व शांत झाले, असे मी म्हणालो तर ते खरे होणार नाही. ज्या देवांसाठी आईवडिलांनी उपास केले, जवळचे सर्व वाहून टाकले, त्यांच्याकडून उत्तर आले नाही, हा घाव त्यांच्या मनावर फार काळ राहिला. सिल्चरला असताना पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली. ती त्यांनी आवडीने वाचली, पण तेवढ्याने त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे धर्मभगिनींनी त्यांना फुलहॅम येथील आश्रयगृह दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांची सेवा तिथे मायेने चाललेली होती. असे का करता, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. आपल्या देशातील स्त्रियांना उचलून धरील असा कोणी असेल तर तो हा ख्रिस्तच, हे त्यांना तिथे पटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडेच आधी, भारतातून त्यांच्याबरोबर आलेल्या मैत्रिणीचा तिथेच दुर्दैवी अंत झाला होता, हेही विसरता कामा नये.

बाप्तिस्म्यानंतरही मनाला पूर्ण विसावा मिळाला नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे स्पष्ट लिहिले. तो मिळाल्याची जाणीव त्यांना सुमारे आठ वर्षांनी झाली. मधल्या काळात त्यांनी इंग्लंडमधील आपल्या धर्मगुरूंशी आणि भगिनींशी सिद्धान्तांवरून कसून वाद घातला आणि जे पटत नव्हते त्यावर केवळ कृतज्ञतेपोटी मान डोलावली नाही. आपल्या घरांत संकटात सापडलेल्या माणसाने प्रश्न विचारले की आपण बेचैन होतो, आणि त्याचा विश्वास डळमळला असे समजतो. मला वाटते, रमाबाईंचे प्रश्न हाच त्यांचा प्रामाणिकपणा होता, आणि प्रभूने त्या आठ वर्षांत त्यांना घाई केली नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे आश्वासन दिलेले असल्यामुळे विरोधकांचा आक्षेप निराधार होता असे म्हणता येत नाही; पण ज्यांच्या आधारावर संस्था उभी केली तेच मित्र दूर गेल्यावरही त्यांनी प्रार्थनाही सोडली नाही आणि उरलेल्या मुलींची शाळाही सोडली नाही.

त्यांच्या धीराचा खरा अर्थ मला मध्य प्रांतातील दुष्काळात दिसतो. १८९६-९७ मध्ये तिकडे लोक अन्नावाचून मरत असल्याच्या बातम्या आल्या. रमाबाईंना उपाशी पोट म्हणजे काय हे ठाऊक होते. त्या तिकडे गेल्या, आणि अस्थिपंजर झालेल्या शेकडो मुली व तरुण विधवांना सोडवून घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला. तिथे मुलींची संख्या वाढवू देण्यास अधिकारी तयार नव्हते, म्हणून त्यांनी या मुलींना केडगावच्या शेतावर नेले. आरंभी निवारा तुटपुंजा होता, पुढच्या महिन्याचे धान्य कुठून येणार हे ठाऊक नव्हते. तिथेच मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावात सुमारे २,००० जणींच्या भाकरीची सोय रोज होऊ लागली. स्वतःच्या आईवडिलांना वाचवता आले नाही, ते का, याचे उत्तर रमाबाईंना मिळाल्याचे मला त्यांच्या लिखाणात आढळत नाही. मिळाले ते काम. आणि ज्या दुःखाने त्यांना मोडायला हवे होते, त्याच दुःखाने त्यांना भुकेल्यांचे चेहरे ओळखायला शिकवले.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो, की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. हे वचन आपण अनेकदा घाईने वाचतो, जणू सकाळी संकट आले की संध्याकाळपर्यंत आशा उगवावी. पवित्र शास्त्र स्वतः इतकी घाई करीत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. एलीया संदेष्टा ईजबेलीच्या भयाने रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला; तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, देवदूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले, आणि होरेब डोंगरावरचे बोलणे त्यानंतर झाले. म्हणून ज्या श्रोत्याला आज प्रार्थनेचे शब्दही सुचत नाहीत, त्याने ते पाप समजू नये. त्याने जेवावे, झोपावे, डॉक्टरांकडे जावे लागत असेल तर संकोच न करता जावे, आणि विश्वासातल्या एखाद्या माणसाला ‘माझ्यासाठी तू प्रार्थना कर’ असे सांगावे. आणि मंडळीतल्या आपण इतरांनी त्या घरी जाताना स्पष्टीकरणे बाजूला ठेवून डबा न्यावा.

रमाबाईंचा शेवटचा काळही सोपा नव्हता. त्यांना ऐकू येणे फार कमी झाले होते. मुक्तीचा सारा भार जिच्यावर सोपवायचा, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये मिरजेला वारली. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. फारसे न शिकलेल्या बाईलाही ते स्वतः वाचून समजावे, म्हणून त्यांनी भाषा मुद्दाम साधी ठेवली होती. आणि त्याची जुळणी व छपाई केडगावच्या छापखान्यात मुक्तीतल्या स्त्रियाच करीत होत्या. एकुलती एक मुलगी गेल्यानंतरही त्यांनी हे काम चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि १९२४ मध्ये ते संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले.