संकष्टीच्या दिवशीची गोळी

[दृश्य: ओपीडीबाहेरचा बाक. हातात घडी घातलेला केस पेपर.]

मधुमेहाच्या ओपीडीत डॉक्टर विचारतात, "गोळ्या चालू आहेत ना?" उत्तर येतं, "हो, चालू आहेत." संकष्टीला चंद्रोदयापर्यंत नीट जेवण नसतं आणि त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं हे घरीच ठरतं, हे त्या उत्तरात येत नाही. कोणी लपवत नाही, विषय निघतच नाही. २०१७ साली ६७ देशांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. प्राथमिक आरोग्यसेवेतले डॉक्टर एका रुग्णाला सरासरी किती वेळ देतात? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, भारतात दोन मिनिटांच्या आसपास.

दोन मिनिटांत उपवास बसत नाही. डॉक्टरांनी रुग्णांसाठी मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या सात मिनिटांच्या पॉडकास्टमध्ये बसतो, पण त्याचा विषय डॉक्टरांनी निवडून चालत नाही. रुग्णांकडून व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज मागवायचे, आठवड्यातून एकदा ऐकायचे आणि जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो तो घ्यायचा.

[दृश्य: गोळ्यांचं पाकीट उलटं केलेलं. मागची बारीक अक्षरं.]

पाकिटाच्या मागे पुष्कळदा दोन नावं असतात: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. सकाळी गोळी घेतली, वर नुसता चहा, की दुपारपर्यंत घाम, थरथर, छातीत धडधड. हे "उपवासाचा अशक्तपणा" म्हणून अंगावर काढलं जातं. रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डीएलच्या खाली गेली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. पेढा किंवा चॉकलेट नको. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि साखर उपवासाला चालते, हेही एपिसोडमध्ये मुद्दाम म्हणावं, कारण नेमकं तिथेच हात अडतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

रात्री साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यामुळे दिवसभर खाली असलेली साखर आता उसळी घेते. दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये फक्त वाढलेली साखर दिसते आणि गोळी वाढवली जाते. पुढच्या संकष्टीला त्रास आणखी वाढतो.

[दृश्य: उघडं कपाट, समोर टेबलावर मोबाइल.]

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद, खिडकी बंद, समोर कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला. मोनो, ६४ केबीपीएस ठेवलं तर सात मिनिटांची फाइल साधारण साडेतीन एमबीची होते. आवाजापेक्षा भाषाच जास्त वेळा बिघडते. माइक समोर आला की डॉक्टर "आहाराचे नियोजन करणे आवश्यक आहे" असं बोलू लागतात आणि ऐकणारा तिथेच बंद करतो. पाठवण्याआधी एका रुग्णाला ऐकवावं आणि "कळलं का?" न विचारता "शेजारणीला हे कसं सांगाल?" असं विचारावं. सांगताना रुग्ण जिथे अडखळेल तो भाग पुन्हा रेकॉर्ड करायचा.

गोळीचा डोस कधीही बोलायचा नाही. एकाचा डोस दुसरा घेतो. गावात आवाजावरून माणूस ओळखू येतो, म्हणून रुग्णाचा आवाज वापरायचा तर लेखी संमती हवी. ती नसेल तर प्रश्न दुसऱ्याने वाचावा.

शेवटचं अर्धं मिनिट एका प्रश्नासाठी राखून ठेवायचं. तो रुग्णाने केस पेपरच्या मागे लिहून ओपीडीत न्यायचा: "माझ्या पाकिटावर कोणती नावं आहेत आणि उपवासाच्या दिवशी कोणती गोळी कधी घेऊ?" एपिसोड रुग्णांना पाठवण्याच्या आदल्या दिवशी ओपीडीतल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांनाही पाठवायचा. नाहीतर तो कागद पुढे आल्यावर "हे कुठून ऐकलंत?" यातच दोन मिनिटं जातात.

सुरुवातीला महिना आणि साल बोलायचं. सल्ला बदलला तरी जुनी फाइल वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत राहते.