फिडल लीफ फिग: खोलीतून अंगणात

फिडल लीफ फिग, म्हणजेच फायकस लायराटा, हे वड-पिंपळाच्या कुळातले झाड पश्चिम आफ्रिकेतील सखल वर्षावनांचे आहे आणि तेथे ते 12 ते 15 मीटर उंच वाढते. पुष्कळदा ते दुसऱ्या वृक्षावर रुजते, तेथून जमिनीपर्यंत मुळे सोडते आणि मग स्वतःच्या बळावर उभे राहते. आपल्याकडे ते शोभेसाठी घरात कुंडीत ठेवतात आणि नाजूक समजतात; अशा झाडाला नाजूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या तक्रारी बहुतेक अंधाऱ्या खोलीने निर्माण केलेल्या असतात.

जेथे कडाका पडत नाही आणि तापमान सहसा 10 अंश सेल्सिअसच्या खाली उतरत नाही, तेथे ते जमिनीत लावता येते. मात्र घरातले झाड एकदम भर उन्हात नेऊन ठेवले, तर चार दिवसांत त्याची पाने करपतात आणि ऊन मानवत नाही असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. सावलीत तयार झालेले पान पातळ असते; नंतर कितीही सवय लावली, तरी त्याची मूळची घडण फारशी बदलत नाही. उन्हात उमलणारे नवे पान मात्र जाड, चिवट आणि बहुधा आकाराने लहान येते. म्हणून आधी दाट सावली, मग सकाळचे कोवळे ऊन, असे दोन-तीन आठवडे चढत जावे आणि झाडाची परीक्षा जुन्या पानांवरून न करता नव्या पालवीवरून करावी.

लागवडीपूर्वी कुंडीच्या आकारात गोल फिरलेली मुळे मोकळी करावीत, अगदी घट्ट वेढे कापावेत. ते तसेच राहिले, तर पुढे खोडालाच आवळतात. जागा निचऱ्याची हवी, आणि भिंत, फरसबंदी व जलवाहिन्यांपासून ती चांगली दूर असावी, कारण याच्या मुळांचा पसारा मोठा असतो. पहिल्या वर्षी आळे भरून खोलवर पाणी द्यावे व वरची माती सुकल्यावरच पुन्हा द्यावे. आधाराची काठी सैल बांधावी, कारण वाऱ्याने थोडे हलल्याशिवाय खोड नीट जाड होत नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात मात्र मोठी पाने फाटतात, तेव्हा आडोसा पाहावा. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या मागे शोधावी.

फांद्या हव्या असतील, तर शेंडा छाटावा. निघणारा पांढरा चीक त्वचेला झोंबतो, म्हणून हातमोजे घालावेत. मोठ्या झाडाला हिरवी फळे धरतात, पण परागीभवन करणारी विशिष्ट सूक्ष्म गांधीलमाशी मूळ प्रदेशाबाहेर सहसा नसल्यामुळे त्यांतून रुजणारे बी मिळण्याची आशा धरू नये. नवे रोप करायचे असेल, तर गुटी कलम बांधावे, म्हणजे फांदीला झाडावर असतानाच मुळे फोडून घ्यावीत.