फ्लॅट टॉप्सचं नवं रान

(पहाट. पठाराच्या कडेवर एकटा माणूस.)

ऑगस्ट सरत आलाय. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या वायव्य भागातलं हे फ्लॅट टॉप्सचं पठार, समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांवर. १९७५ पासून हा मुलूख कायद्याने निर्जन राखलाय. गाडी नाही, सायकलही नाही. आत जायचं ते पायी किंवा घोड्यावर.

हा शिकारी इथे पहिल्यांदाच आलाय. बंदूक घरी आहे, हातात फक्त नकाशा. बंदुकीचा हंगाम ऑक्टोबरात. तोवर त्याला एल्कचं रान शिकायचंय. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण नर तीनशे किलोंच्या घरात जातो.

भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार थांबली. इथे ती मोजूनमापून दिली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यात एल्क जेमतेम उरले होते. वायोमिंगहून कळप आणून सोडले, शिकारीला लगाम घातला. आज कोलोरॅडोइतके एल्क अमेरिकेच्या दुसऱ्या कुठल्याच राज्यात नाहीत. बऱ्याच विभागांचे परवाने सोडतीने निघतात आणि अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच जातो. म्हणजे रान आधी निवडायचं, ओळख मागाहून.

(अ‍ॅस्पेनचं खोड, जवळून.)

पांढऱ्या सालीवर छातीच्या उंचीपर्यंत हे काळे व्रण. एल्कच्या दातांचे. नवखा माणूस हरखून इथेच तंबू ठोकतो. पण ही साल ते कुरतडतात मुख्यतः हिवाळ्यात, गवत बर्फाखाली गेल्यावर. व्रणावरून बोट फिरवा, कडा जुन्या आणि खरबरीत लागतात. खूण खरी आहे, ऋतू मात्र दुसरा.

तो उत्तरेकडच्या उतारावर जातो. तिथे ऊन कमी, ओल टिकून, स्प्रूस आणि फर ही सूचिपर्णी झाडं दाट. एल्क दिवसभर अशा सावलीत बसतात, तिन्हीसांजेला गवतात उतरतात. एका डबक्यातलं पाणी अजून गढूळ आहे. कुणीतरी नुकतंच लोळून गेलंय.

आणि वारा! माझ्या मते नव्या रानातला सगळ्यात अवघड धडा हाच. डोंगराच्या सोंडेवर बसून तो बाटलीतली पांढरी पूड हवेत सोडतो. पहाटे ती पायांकडून खाली, घळीत उतरते. ऊन चढतं तशी जागीच घुटमळते. मग उलटून त्याच्याच तोंडावर येते. आता खालून आलेल्या माणसाचा वास थेट वर बसलेल्या कळपात जाणार. तीन दिवस तो याच सोंडेवर बसतो, वारा फिरला की घड्याळ बघून वहीत टिपतो.

उरतो वजनाचा हिशेब. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं इथे गुन्हा आहे. हाडं काढली तरी एका नराचं मांस शंभर किलोंच्या आसपास भरतं. एकट्याला पाठीवरून चार-पाच खेपा. सर्वांत देखणी दरी रस्त्यापासून सहा मैलांवर आहे. नकाशावर तो तिच्यावर काट मारतो. दोन मैलांवरच्या एका लहान खिंडीभोवती पेन्सिलीने गोल काढतो आणि शेजारी लिहितो: साडेआठ, वारा वर.